उपडं गंगाळ

शनिवार, पोंगलनंतरचा पहिला. स्थळ: चेन्नईतलं नंगनल्लूर, आमच्या घराचं गॅरेज. हजर: मी, माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा, लेक जानकी, सेल्वम मेस्त्री आणि त्यांची माणसं, भाड्याचा मिक्सर. गैरहजर: माझा नवरा मुकुंद (रजा मंजूर होती, पण नेमका एका बंद दुकानाबाहेर उभा).

गॅरेजचा कोबा बदलणं हे अवघड काम नाही. जुना फोडायचा, नवा घालायचा, वर पाणी मारायचं. आमच्याकडे हे तिन्ही टप्पे वेळेत पार पडले. फक्त आता आमच्या गॅरेजमध्ये लोक चपला काढून येतात.

आमची गल्ली दर डांबरीकरणाला थोडी उंच होते आणि घर आपलं आहे तिथंच राहतं. लग्न होऊन मी मिरजेहून इथे आले तेव्हा गॅरेजमधून गाडी रस्त्यावर उतरायची, आता चढते. त्यामुळे डिसेंबरच्या पावसात रस्त्याचं पाणी आमच्याकडे मुक्कामाला येतं. कोबा चाकांखाली खचला होता, भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून पपईचं रोप वर आलं होतं. मुकुंदच्या मते फळ धरेपर्यंत थांबायला हरकत नव्हती. (मुकुंद ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो. दाराच्या फटीत केसाएवढा फरक दिसला तरी गाडी परत पाठवतो. घरी त्याला भेग दिसत नाही, पपई दिसते.)

पण थांबता येणार नव्हतं. पुढच्याच रविवारी जानकीचा साखरपुडा होता. मी साखरपुडा म्हणते, अम्मा निश्चितार्थ म्हणतात, जानकी एंगेजमेंट म्हणते, पाहुणे तेच. दिवाणखान्यात एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून केळीच्या पानांवरची पंगत गॅरेजमध्ये मांडायची ठरलं होतं. मुलाची आई अम्मांसारखीच तंजावरच्या मराठी घरातली, एग्मोरच्या शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्याकडे पहिल्यांदाच येताना बाईंचा पाय भेगेत अडकला असता, तर तो विषय पुढच्या पिढीपर्यंत पुरला असता.

आणि त्याच दिवशी अम्मा जानकीला गंगाळ देणार होत्या.

हे गंगाळ पितळेचं, जड, काठ बाहेर वळलेला, काठाखाली दोन्ही बाजूंना कड्या. अम्मांच्या आईने ते त्यांना तंजावरहून सासरी येताना दिलेलं. घरातल्या प्रत्येक बाळाला त्यात बसवून न्हाऊ घातलं आहे. मुकुंद एकदा त्यात अडकून बसला होता असं अम्मा सांगतात. त्याला ते मान्य नाही. जानकी झाली त्या दिवशीच अम्मांनी जाहीर केलं होतं की गंगाळ हिचं. मला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी माझ्या मिरजेच्या माहेराकडून मी स्टीलचे डबे घेऊन आले होते, तेव्हा मला बोलायला जागा नव्हती. त्या आठवड्यात अम्मांनी ते माळ्यावरून उतरवून घेतलं, चिंचेने घासलं आणि दिवाणखान्यात स्टुलावर ठेवलं. कोणी जवळून गेलं तरी आतून अम्मांच्या तंजावरी मराठीत आवाज यायचा, "हात नको लावूं गे."

आता मी याद्या करते हे सगळ्यांना माहीत आहे. कोब्याचीही केली: काम, कोण करणार, कधी. फ्रिजवर लावली. अम्मांना मराठी वाचता येतं पण माझं अक्षर लागत नाही, जानकीला अक्षर लागतं पण मराठी बोलण्यापुरतंच येतं, आणि मुकुंदला दोन्ही येतं पण तो फ्रिज उघडतो तेव्हा त्याला फक्त दार दिसतं. त्या यादीत मुकुंदच्या वाट्याला एकच काम होतं. गॅरेजच्या ईशान्य कोपऱ्यात जमिनीखाली आमची पाण्याची टाकी आहे. तिच्या तोंडावर लोखंडी झाकण. नवा कोबा चांगला हातभर नाही, पण वीतभर तरी उंच होणार होता. म्हणजे झाकणही वर यायला हवं. त्यासाठी नवी चौकट आणि नवं झाकण आणायचं. मुकुंदने शुक्रवारी ते आणलं. दोन्ही सुरेख होती. फक्त एकमेकांत बसत नव्हते. म्हणून शनिवारी पहाटे तो बदलून आणायला निघाला.

शनिवारचा राहुकाळ नऊला लागतो. इथे नव्याने आलेल्यांसाठी सांगते: त्या दीड तासात चेन्नईत शुभ काम कोणी सुरू करत नाही, आणि आमच्या घरी अशुभही करत नाहीत. अम्मांचं म्हणणं साधं होतं. नातीच्या निश्चितार्थाची पंगत जिथे बसायची तिथली पहिली थापी नऊच्या आत पडायला हवी. सेल्वम मेस्त्रींचंही तेच म्हणणं. ते मिक्सर घेऊन साडेसातलाच आले. अम्मांनी टाकीच्या कोपऱ्यात हळदीचा पिल्लैयार, म्हणजे गणपती, मांडला, कापूर लावला, नारळ फोडला आणि मेस्त्रींना हुकूम दिला. मग समाधानाने देवघरात जपाला बसल्या. अम्मांचा जप म्हणजे डोळे मिटले की ते थेट दुपारच्या जेवणालाच उघडतात.

साडेआठला मी मुकुंदला फोन केला. तो दुकानाच्या पायरीवर होता. मालक अजून कोविलमधून, म्हणजे देवळातून, आले नव्हते. "येतील," तो म्हणाला. "इथे अजून दोघं थांबलेत, छान गप्पा चालल्यात."

इकडे मिक्सर फिरायला लागला होता. मेस्त्री म्हणाले, काही बिघडत नाही अक्का, झाकणावर काहीतरी उपडं ठेवा, तेवढी जागा रिकामी राहील, चौकट आली की ती गोष्ट उचलायची आणि चौकट बसवायची. सूचना मला पटली. मला स्पष्ट सूचना पटतात. मी टेप घेऊन घरभर फिरले. बादली अरुंद. कपड्यांचा टब रुंदीला पुरेसा, पण तडकलेला. कुकर हास्यास्पद. पिंप ठेवलं असतं तर मेस्त्रींना थापी मारायला शिडी लागली असती. मग मी दिवाणखान्यात गेले आणि स्टुलावरच्या गंगाळाच्या तोंडावर टेप धरली.

झाकण आत बसून चारी बाजूंनी बोटभर जागा उरत होती. मापात इतकी जुळणारी वस्तू मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

जानकी दारात उभी होती. "आई, हे आज्जीचं आहे."

"तासाभराचं काम आहे."

"आज्जीला विचारलंस?"

"आज्जी जपाला बसली आहे. जपात व्यत्यय आणू नये," मी म्हटलं. (एरवी मी अम्मांना औषधाच्या वेळेसाठी जपातून उठवते. यादीत असतं ते.)

मी निष्काळजीपणा केला असं कोणी म्हणू नये. गंगाळाला मी तिळाचं तेल चोपडलं, आतून आणि बाहेरून. वर प्लॅस्टिक गुंडाळलं. मग मी आणि जानकीने ते उचलून झाकणावर उपडं ठेवलं, आणि नऊला पाच मिनिटं असताना सेल्वम मेस्त्रींनी पहिलं घमेलं ओतलं. काम देखणं चाललं होतं. मेस्त्री गंगाळाच्या कडेने इतक्या प्रेमाने थापी फिरवत होते की मी फोटो काढला. तो फोटो आता बघवत नाही.

सगळं थापून झालं तेव्हा दहा वाजत आले होते. आता गंगाळ उचलू, मी म्हटलं. मेस्त्री थबकले. राहुकाळ आहे अक्का. साडेदहा होऊ देत. मी म्हटलं, मेस्त्री, आपण काही सुरू करत नाही आहोत, फक्त उचलतो आहोत. त्यांनी माझ्याकडे जरा दुःखाने पाहिलं. पिल्लैयाराशेजारची वस्तू राहुकाळात हलवायची? मग त्यांची सगळी माणसं इडली खायला गेली.

आता एक गोष्ट मला तेव्हा आठवायला हवी होती. कोबा रविवारपर्यंत पंगतीला तयार व्हावा म्हणून काँक्रीटमध्ये लवकर घट्ट करणारं रसायन घालायचं ठरलं होतं. निवड मुकुंदची. त्याने त्यावर बरंच वाचन केलं होतं. त्याच्या सगळ्या खरेद्यांत सांगितल्याप्रमाणे काम केलेली ही एकमेव वस्तू.

मंडळी अकराला परतली. मेस्त्री खाली वाकले आणि गंगाळाला दोन्ही हात घालून ओढलं. मग त्यांच्या माणसाने ओढलं. मग दोघांनी ओढलं. गंगाळ उपडं, म्हणजे बाहेर वळलेला काठ तळाशी, कड्याही तळाशी, आणि त्या सगळ्यावर वीतभर काँक्रीट. मी घरातली सर्वांत घट्ट बसेल अशी वस्तू मापून निवडली होती. प्लॅस्टिक खालून आपोआप फाटून वर आलं, तेवढंच काय ते सुटलं. मेस्त्रींनी हात झटकले. म्हणाले, भांडं मजबूत आहे.

इतक्यात मुकुंद आला. हातात नवी चौकट आणि झाकण, आणि चेहऱ्यावर दोन्ही एकमेकांत बसतात याचा आनंद. त्याने गॅरेज पाहिलं. मधोमध राखाडी, सपाट, सुंदर कोबा. कोपऱ्यात त्यातून वर आलेला पितळी घुमट.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"गंगाळ."

"आपलं?"

त्याने चौकट भिंतीला टेकवली, गंगाळाभोवती कारखान्यात फिरतात तशी एक फेरी मारली आणि सांगितलं की पितळ तापलं की फुगतं आणि गार झालं की आकसतं. तेव्हा आधी उकळतं पाणी, मग बर्फ. आम्ही केलं. पितळ फुगलं असेल, आकसलंही असेल, निघालं नाही. शेवटी मेस्त्रींनी लाकडी ठोकळ्याने एका बाजूने हलकेच ठोकलं.

त्याचा आवाज मी कधी विसरणार नाही. तो गॅरेजमधून निघाला, जिन्याखालून गेला आणि घरभर घुमत राहिला, एखाद्या मोठ्या देवळाच्या घंटेसारखा. देवघरात अम्मांनी डोळे न उघडता हात जोडले. (जानकीने खिडकीतून पाहिलं.) मेस्त्रींनी दुसऱ्या बाजूने ठोकलं. अम्मांनी उलट आपली घंटा वाजवली. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा समोरच्या घरातल्या पद्मा मामी गच्चीवर आल्या आणि त्यांनीही हात जोडले.

चौथ्या ठोक्याला अम्मा दारात होत्या.

"काय गे," त्या म्हणाल्या, "हें माझें गंगाळ नव्हे?"

"हो, अम्मा."

"उपडें कां?"

मी कारण सांगितलं: झाकण, चौकट, माप, राहुकाळ. मुकुंदने रसायनाबद्दल सांगितलं. मेस्त्रींनी तमिळमध्ये सांगितलं की आता काढायचं तर छिन्नी घेऊन भोवतीचा कोबा फोडावा लागेल. छिन्नी घसरली तर पितळेला भोक पडेल. आणि न घसरली तरी ताज्या कोब्याला भेगा जातील, पंगत बसणार नाही. निश्चितार्थ होऊ द्या, मग यंत्राने गोल कापून काढू.

अम्मांनी सगळं ऐकलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "रविवारीं मी जानकीच्या हातांत काय देऊं?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी यादीत नवं काम लिहिलं: गंगाळ काढणे. कोण: सेल्वम मेस्त्री. कधी: साखरपुड्यानंतरचा सोमवार.

दुसऱ्या दिवशी पहाटे अम्मा रोजच्यासारख्या रांगोळीचं पीठ घेऊन अंगणात गेल्या. अंगणातलं कोलम झालं. मग त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि गंगाळाभोवती ठिपके काढायला लागल्या. कोणी अडखळून त्यावर पाय देऊ नये म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं. कोलम काढून झाल्यावर त्यांनी चिंच आणली आणि गंगाळ घासलं. उपडं असलं तरी रविवारी ते चमकायला हवं होतं. मी मध्ये पडले नाही. मला मध्ये पडायचा हक्क त्या आठवड्यापुरता नव्हता.

इथवर प्रकरण घरातलं होतं. ते घराबाहेर नेलं ते मी, आणि तेही मेस्त्रींच्या सूचनेनुसार. नवा कोबा ओला ठेवायचा असतो. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी मारायचं, नाहीतर तडे जातात. मी ही गोष्ट कोणावर सोपवली नाही. सकाळी अंघोळ करून, ओले केस बांधून, मी पाइप घेऊन उभी राहायची आणि कोपऱ्यातून सुरुवात करायची, कारण गंगाळाच्या कडेलाच तडे जायची भीती जास्त होती. पाणी पितळेवरून ओघळून कोलमावर यायचं. रस्त्यावरून हे कसं दिसत असेल याचा विचार माझ्या यादीत नव्हता.

सोमवारी फुलवालीने न सांगता गंगाळावर मोगऱ्याचा गजरा ठेवला. मंगळवारी पद्मा मामी हळद-कुंकू घेऊन आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं की प्रतिष्ठा कोणत्या गुरुजींनी केली. मी त्यांना माझ्या तमिळमध्ये सगळं समजावून सांगितलं: हे अंघोळीचं भांडं आहे, खाली पाण्याची टाकी आहे. त्यांनी भक्तिभावाने मान डोलावली. खाली पाणी आहे हे ऐकून तर त्यांनी डोळेच मिटले. बुधवारी त्यांनी दोन बायकांना बरोबर आणलं आणि गुरुवारी कोणीतरी दिवा लावून गेलं. गाडी रस्त्यावरच उभी होती. त्या गॅरेजमध्ये गाडी घालायची आता मुकुंदची छाती नव्हती. जानकीने मला सांगितलं की गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये आमचा फोटो फिरतो आहे. मी पाइप धरलेला.

रविवारी पाहुणे आले. रस्ता गॅरेजमधूनच. सगळ्यांत पुढे होणाऱ्या विहीणबाई, रेशमी पातळ, ताठ मान, निवृत्त होऊनही वर्गात शिरल्यासारख्या. त्यांची नजर कोब्यावरून फिरली. (कोबा निर्दोष होता. हे कोणी लक्षात घेतलं नाही.) ती कोपऱ्यात येऊन थांबली. तिथे कोलम, गजरा, तुपाचा दिवा आणि आठवडाभर चिंचेने घासलेलं पितळ. विहीणबाईंनी चपला काढल्या. पदर खांद्यावरून घेतला आणि प्रदक्षिणा घातली. त्यांच्यामागे त्यांची सगळी मंडळी फिरली, नवरदेवसुद्धा.

"केव्हांचें हें?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. मुकुंदने माझ्याकडे बघितलं, जानकीने कपाळाला हात लावला, आणि अम्मा पुढे झाल्या.

"माझ्या आईनें दिलें," अम्मा म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

पंगत झाली. कोपरा सोडून पानं मांडली होती. पहिलं वाढप विहीणबाईंनी आग्रह करून कोपऱ्यात ठेवायला लावलं, पुरणपोळीसकट. मग देण्याघेण्याची वेळ आली. मी पर्याय म्हणून चांदीची वाटी आणून ठेवली होती. अम्मांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी जानकीचा हात धरला, तिला कोपऱ्यात नेलं, स्वतः कोब्यावर बसल्या आणि तिचा तळवा गंगाळाच्या पाठीवर टेकवला.

"हें तुझें," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनें मला दिलें, मी तुला दिलें. तुझ्या लेंकराला यांत न्हाऊं घाल."

जानकीला रडू आलं. मलाही आलं असतं, पण मी पायसम वाढत होते. शेवटचं वाक्य विहीणबाईंना बहुधा ऐकू गेलं नाही, कारण त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. थोड्या वेळाने त्या माझ्याजवळ आल्या आणि माझे दोन्ही हात धरले. घराण्याचा देव लेकीबरोबर पाठवणारी माणसं आता राहिली नाहीत, म्हणाल्या. लग्न वैशाखात. त्याआधी त्या आपल्या देवघरात पूर्वेला जागा करून घेतील. गुरुजींना घेऊन, मुहूर्त पाहून, स्वतः न्यायला येतील. तोवर अभिषेक चुकवूं नका, एवढंच सांगणं.

सोमवारी सेल्वम मेस्त्री यादीप्रमाणे यंत्र घेऊन आले. दारात त्यांनी चपला काढल्या. ते गंगाळ आहे हे त्यांना माहीत आहे; त्यांनीच ते काँक्रीटमध्ये बसवलं आहे. तरी त्यांनी त्याला हात लावून डोळ्यांना लावला, यंत्राकडे बघितलं आणि पद्मा मामींनी गच्चीवरून हाक मारायच्या आतच ते परत गाडीत ठेवलं. म्हणाले, अक्का, आधी त्या मुलाच्या आईंना सांगा, मग मी कापतो. न सांगता मी कापणार नाही.

हे मला रास्त वाटलं. तेव्हा आज परिस्थिती अशी आहे. कोबा केव्हाच पक्का झाला, पाणी मारायची गरज नाही. मी मारते, कारण विहीणबाई सकाळी फोन करून विचारतात आणि मला खोटं बोलता येत नाही. नवी चौकट आणि झाकण भिंतीला टेकून आहेत, एकमेकांत उत्तम बसतात. गाडी रस्त्यावर आहे. अम्मा माझ्याशी पूर्वीसारख्या बोलतात. परवा तर पद्मा मामींना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिच्याच हातून घडलें हें सगळें, आणि मामींनी माझ्या पायांकडे हात नेला.

यादीत आता एकच काम राहिलं आहे: विहीणबाईंना सांगणे. कोण: मी. कधी: राहुकाळ संपल्यावर. राहुकाळ इथे रोज असतो, ही एक मोठी सोय आहे.